स्क्रूचा उपास

आमचे मलकापूरचे घरमालक गुरुवारी पोटभर जेवत. शेगाव रेल्वेनं तासाभरावर, त्यामुळे आमच्या गल्लीत गुरुवारी निम्म्या घरांत साबुदाणा भिजलेला असे आणि हे गृहस्थ ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असे बसून वरण, भात, पोळी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा खात. कोणी टोकलं तर म्हणत, "माहा बी उपासच हाय. फक्त पोटाचा नाही." आणि पाठीमागच्या भिंतीवर टांगलेल्या पाटीकडे अंगठा करत. पाटीवर खडूनं लिहिलेलं असे, आज चाक. किंवा आज काच. किंवा आज स्प्रिंग.

म्हणजे त्या दिवशी त्या वस्तूला हात लावायचा नाही. तिचा उपयोगही करायचा नाही. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत.

मी सांगलीकडची. बँकेच्या बदलीनं मलकापुरात येऊन पडले तेव्हा नवरा नाशिकला कंपनीत, तो पंधरा दिवसांनी एकदा येणार, आणि माझ्या कडेवर ओवी. एकटी बाई, लहान मूल, म्हणून दोन-तीन ठिकाणी जागा नाकारली गेली होती. या काका-काकूंनी मात्र काहीच विचारलं नाही. काकांनी फक्त एवढंच सांगितलं, "मॅडम, भाडं तुम्ही म्हनान ते. पन शुक्रवारी तेल घालाले येईन मी, दार उघडाचं." मला वाटलं, म्हातारा देवघरातल्या समईबद्दल बोलतोय.

पहिल्याच शुक्रवारी सकाळी दारावर थाप. बाहेर काका, हातात लांब चोचीची तेलाची बुधली. "तुमच्या खिडकीचे स्क्रू पाहाचे हाय." कारण आदल्या दिवशी उपास स्क्रूचा होता आणि शुक्रवारी त्याचं पारणं. पारण्याची रीत अशी की ज्या वस्तूचा उपास केला, ती दुसऱ्या दिवशी दिवसभर हातात घ्यायची. पुसायची, तेल घालायचं, काय हवं-नको ते बघायचं. काका घरातल्या एकेका स्क्रूला थेंबभर तेल देत, पेचकस लावून अर्धा आटा पिळत, मान हलवत आणि आत काकूंना ऐकू जाईल असं मोठ्यानं ओरडत, "घट्ट हाय!" मग पुढचा स्क्रू. मला वाटलं होतं दोन मिनिटांत होईल. माझी बस गेली, साडीवर तेलाचा डाग पडला आणि बँकेत सगळ्यांना कारण सांगताना मलाच हसू आलं.

ते जास्त पिळत मात्र कधीच नसत. मी एकदा उगाच मदत करायला गेले आणि जोर लावला, तर माझ्या हातातून पेचकस काढून घेतला. "हलक्या हातानं, मॅडम. आटे गेले का मंग काहीच धरत नाही तो."

काका जिनिंग फॅक्टरीत स्टोअरकीपर होते. सगळी नोकरी स्क्रू, पट्टे, बेअरिंग देण्या-घेण्यात गेली. ऐन हंगामात एकदा सबंध जिनिंग बंद पडलं, कापसाच्या गाड्या पार हमरस्त्यापर्यंत उभ्या राहिल्या, आणि कारण काय, तर बोटाएवढा एक स्क्रू, जो नेमका स्टोअरमध्ये नव्हता. मालकानं चारचौघांत आईबहिणीवरून शिव्या घातल्या. काका ही गोष्ट सांगत तेव्हा शिव्यांपाशी थांबतच नसत. त्यांना लागलं ते वेगळंच होतं. "रोज हातातून जाते, कोनी पाहत नाही. नसला का साऱ्या गावाले समजते. मंग मनलं, आपनच एक दिवस नसू द्यावं. मुद्दाम."

मी म्हणाले, मग मोबाईलचा उपास करा ना, सगळे त्यालाच चिकटलेले असतात.

"मोबाईल काय हाय? खोलून पाहा. काच, तार, चुंबक आन बारके बारके स्क्रू. रॉकेट खोला, तेच. रहाट खोला, तेच. मोठ्याचं नाव सारे घेतात, मॅडम. माहा उपास आतल्यायचा."

उपासाला वस्तू निवडायचा नियमही पक्का होता. ज्याच्याशिवाय भागत नाही, त्याचाच उपास. ज्याच्याशिवाय भागतं, त्याचा उपास कसला? आणि दुसरा नियम, मोडायचा नाही. मोडला की मग तो नुसता खेळ झाला.

हा दुसरा नियम त्यांनी मुलीच्या लग्नातही पाळला. मुहूर्त निघाला गुरुवारचा आणि पाटीवर आली काच. काकूंनी हातापाया पडून पाहिलं, पण नाही. नवरीच्या बापानं चष्मा काढून ठेवला. मांडवात जावयाच्या थोरल्या भावाला जावई समजून त्याच्या गळ्यात हार घातला, त्याला मिठी मारली आणि "माह्या पोरीले सांभाळा" म्हणून रडलेसुद्धा. तो बिचारा विवाहित माणूस, बायको शेजारी उभी. कॅमेऱ्यालाही काच असते, म्हणून फोटोच्या वेळी काका तोंड फिरवून उभे राहिले. तो अल्बम काकूंनी मला दाखवला. पानोपानी नटलेली मंडळी आणि मधोमध काकांची पाठ. "लोक इचारतात, बाप नव्हता का लग्नाले," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

काकू काही गप्प सोसणाऱ्या नव्हत्या. चाकाच्या उपासाला त्यांनी पोळ्या करायचं नाकारलं. लाटणं गोल फिरतं, म्हणजे तेही चाक. आज थापलेली भाकर खा. काकांनी विचार केला, लाटणं हातात धरून जमिनीवर फिरवून पाहिलं आणि मान्य केलं. एकदा त्यांनी बुधवारी संध्याकाळी पाटीवर दोरा लिहिला. काकूंनी फक्त विचारलं, पायजम्याचं काय करणार? आणि नाडी जाऊ दे, पायजमा तरी कशाचा आहे? काकांनी स्वतःच्या पायजम्याकडे पाहिलं आणि दोरा पुसून चुंबक लिहिलं. सुरू होण्याआधीच बुडालेला तो एकमेव उपास.

पंपाच्या उपासाला मोटार बंद, नळ बंद, ओवीची पिचकारीसुद्धा जप्त. तेव्हा मी त्यांना कात्रीत पकडायला म्हणाले होते, "काका, छातीत पण एक पंप आहे बरं."

"हाव. पन तो उपास एकदाच जमते," ते शांतपणे म्हणाले, "आन पारनं दुसरेच करतात."

ओवीचं या सगळ्याशी फार जमे. मी बँकेत गेले की दिवसभर ती काकांच्या मागे. बुधली धरायचं काम तिचं. पाटी पुसायचं काम तिचं. वर्षभरात ती अशी वऱ्हाडी बोलायला लागली की सांगलीला माझी आई फोनवर म्हणाली, "अगं, तुझ्याकडे कोण बोलतंय?"

आता मूळ गोष्ट सांगते. सगळं नीट झालं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मलाही बरं वाटतं. ओवी आता कॉलेजात आहे, आणि काका-काकू दोघंही ठणठणीत आहेत.

आमच्या आवारात मागे न्हाणीघर होतं, दोन्ही घरांना मिळून एक. त्याचं दार काकांनी स्वतः केलेलं, जिनिंगमधल्या जुन्या सागवानी फळ्यांचं, जाडजूड आणि बाहेर उघडणारं. बिजागऱ्यांच्या लांब पट्ट्या आणि त्यांचे स्क्रू सगळे बाहेरून दिसत. मी चेष्टा केली होती, "काका, चोर स्क्रू काढून दारच उचलून नेईल की." "नेऊ द्या. आत काय भेटन त्याले? साबन?" काकूंचा खांदा धरलेला, हात वर जात नसे, म्हणून आतली कडीसुद्धा खाली, कमरेच्या उंचीवर बसवलेली. आणि आत सिमेंटचं पाण्याचं टाकं, त्याच्या वर छताजवळ एक अरुंद खिडकी. मलकापुरात नळ कधी आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा. आला की टाकं काठोकाठ भरून ठेवायचं. त्या पहाटेच नळ आला होता.

गुरुवार होता. पाटीवर स्क्रू. त्या उपासाला काका फार कडक, कारण स्क्रू सगळ्याच वस्तूंत. खुर्चीला स्क्रू म्हणून ते चटईवर बसलेले. पाण्याच्या बाटलीचं झाकणही फिरवायचंच, म्हणून समोर माठ. दारांनाही हात लावायचा नाही, म्हणून घरातली दारं सताड उघडी. मोह नको म्हणून हत्यारांच्या पेटीला कुलूप घालून किल्ली काकूंच्या कमरेला. आणि काकू पहाटेच्या पॅसेंजरनं दर्शनाला शेगावला गेलेल्या.

मी डबा भरत होते. ओवीला हाक मारली, उत्तर नाही. मागे गेले तर न्हाणीघराचं दार आतून बंद.

"ओवी, दार उघड."

"नाही."

"का नाही?"

"माहा उपास हाय."

मला हसू आलं. म्हटलं, "बरं. कशाचा उपास?"

"तुहा."

"माझा?"

"हाव. आज आईचा उपास. तुले पाहाचं नाही."

ज्याच्याशिवाय भागत नाही, त्याचाच उपास, हा नियम मला पाठ होता. तिलाही होता. रोज सकाळी तिला काकांच्या ओट्यावर सोडून बस पकडायला धावणारी मी, आणि तिनं इतक्या सगळ्या वस्तूंतून नेमकी मला निवडली होती. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात आत तांब्या पाण्यात बुडवल्याचा आवाज आला आणि ते सगळं क्षणात उडून गेलं. आत टाकं भरलेलं होतं आणि ती एकटी होती.

मी काकांना हाक मारली. ते अनवाणीच आले. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी दाराला कान लावला.

"माय, पारनं कधी हाय तुहं?"

"उद्या."

"मंग उद्यापर्यंत आत राह्यशील? भूक लागीन नं."

"उपास पोटाचा नसते," ओवीनं सांगितलं.

काकांचा चेहरा पडला. स्वतःचंच वाक्य इतक्या बारीक आवाजात परत येईल असं त्यांना वाटलं नसावं. "आयक माय, मी सांगून राह्यलो नं, मोडून टाक. लहान लेकरायनं मोडला तं चालते."

"नाही चालत. मोडला का खेळ होते."

आतून पुन्हा पाण्याचा आवाज. मग तिचा वैतागलेला सूर, "तांब्या बुडला. काढते मी."

"नको!" मी अशी किंचाळले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. त्या ओरडण्यानं ती घाबरली आणि सगळा उपास विसरून दाराशी आली. कडी खडखडली. पण कडीची दांडी सरकवल्यावर खाली खाचेत अडकली होती. ती उचलून ओढायचा जोर तिच्या हातात नव्हता. "आई, निंघत नाही," ती रडायला लागली. मी बाहेरून सांगत होते, वर उचल, बाळा, वर उचलून ओढ. तिला ते कळत नव्हतं आणि मलाही धड सांगता येत नव्हतं. मग रडणं दारापासून दूर गेलं आणि फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"मी टाक्यावर चढते. वरच्या खिडकीतून येते."

दार बाहेर उघडणारं. लाथा मारून काही व्हायचं नव्हतं. शेजारचं घर शेगावला गेलेलं, बाजारातली दुकानं अजून उघडायची होती. "काका, पेचकस!" मी म्हणाले. "पेटीत हाय," ते म्हणाले, "किल्ली शेगावले." आणि दाराच्या पट्ट्यांकडे बघत राहिले, हात पाठीमागे बांधलेले.

मी भान सोडलं होतं. मी ओरडले, "तुमचा उपास गेला खड्ड्यात!"

"गेला," काका म्हणाले. आणि घरात धावले.

आले ते काकूंचा सराटा घेऊन. पोळी उलटायचा, पातळ पात्याचा. त्याचा कोपरा त्यांनी पहिल्या स्क्रूच्या खाचेत घातला आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "माय, टाक्यावर चढू नको. इकडे ये. मी माहा उपास मोडून राह्यलो, तुले आवाज येईन. स्क्रू निंघाला का खाली पडन, टन्न वाजन. तू दाराले कान लाव आन मले सांग, वाजला का नाही. मी म्हातारा मानूस, मले आयकू येत नाही बराबर."

आत स्टुलाचा आवाज थांबला. काकांनी सराटा पिळला. मी देवाचं नाव घेत होते, कारण बाहेरचं दार, वर्षानुवर्षं ऊन-पाणी खाल्लेले स्क्रू, एरवी गंजून जाम झाले असते. पण तो स्क्रू लगेच सैल झाला. दर पारण्याला तेलाचा थेंब आणि अर्धा आटा मिळालेला स्क्रू होता तो. ज्या बुधलीला मी साडी खराब केली म्हणून नावं ठेवत होते, ती त्या सकाळी डोळ्यांपुढे आली.

स्क्रू फरशीवर पडला.

"वाजला," आतून ओवी म्हणाली, अगदी दाराजवळून.

"शाब्बास. आता दुसरा आयक."

"वाजला."

सराट्याचं पातं वाकलं. काकांनी ते गुडघ्यावर सरळ केलं आणि पुन्हा लावलं. त्यांच्या बोटातून रक्त येत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी पडलेले स्क्रू उगाचच वेचून मुठीत धरत होते. शेवटचा स्क्रू पडल्यावर आम्ही दोघांनी मिळून पट्ट्यांच्या बाजूनं दार ओढलं, आणि त्या फटीतून ओवी बाहेर आली. फ्रॉकचा घेर ओला, बाकी कोरडी. आधी काकांना म्हणाली, "सारे वाजले." मग माझ्याकडे बघितलं, ओठ बाहेर काढला आणि म्हणाली, "माहा उपास मोडला." मी तिला घट्ट धरून तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि मोठमोठ्यानं रडले. इतकी सुटल्यासारखी मी आयुष्यात कधी रडले नाही.

काका पायरीवर टेकले होते. छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पंप चालू हाय, मॅडम." तेव्हा मी रडता रडता हसले, आणि तेही.

संध्याकाळी काकू प्रसाद घेऊन परतल्या. पहिली नजर सराट्यावर गेली. "हे काय बाप्पा! माहा सराटा कोनं वाकवला?" मी सगळं सांगितलं. त्या हातातली पिशवी तशीच धरून खाली बसल्या, ओवीला मांडीवर ओढलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग कमरेची किल्ली काढून काकांच्या पुढ्यात टाकली. "आजपासून हे तुमची तुमच्यापाशी. मोह होवो का न होवो." काकांनी ती उचलून खिशात टाकली. उठले, खडू घेतला आणि पाटीच्या तळाशी लिहिलं, लेकराच्या हाकेले उपास नाही. ती ओळ नंतर कधी पुसली गेली नाही. वरचं बदलत राहिलं, खालचं तसंच.

मी आत जायला निघाले तर काकांनी थांबवलं. "मॅडम, उद्या सुट्टी टाका."

"कशाला?"

"पारनं हाय नं पोरीचं."

"अहो, पण तिचा उपास मोडला."

"मोडला म्हनून पारनं चुकत नाही. उपासाची वस्तू पारन्याले दिवसभर हातात लागते. नियम हाय."

आजवर त्यांच्या कुठल्याच नियमावर मी वाद घालायचं सोडलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं. बँकेत साहेबांना फोन करून, घरी पारणं आहे, असं सांगितलं. त्यांनी रजा दिली. या भागात ते कारण पुरतं.

शुक्रवारी सकाळी ओवीनं मला ओसरीत पाटावर बसवलं. आधी फडकं घेऊन माझं तोंड पुसलं. मग काकांची बुधली घेऊन आली. काकूंनी वेळेवर बघितलं म्हणून, नाहीतर माझ्या डोक्यावर मशिनीचं तेल पडलं असतं. त्यांनी बुधली काढून घेऊन तिच्या हातात खोबरेल दिलं. ओवीनं बाटली जवळजवळ उपडी केली. तेल कपाळावरून, मानेवरून पाठीत उतरलं, आणि ती दोन्ही हातांनी ते चोळत राहिली. कुठेही घाईनं जायचं नव्हतं. मी डोळे मिटून बसले. इतक्या दिवसांत मी तिच्या केसांना तेल लावलं होतं, तेही एक डोळा घड्याळावर ठेवून.

मग तिनं माझे दोन्ही कान धरले आणि काका स्क्रू पिळत तसे हळूच अर्धा आटा पिळले.

ओट्यावरून काकांचा आवाज आला, "हलक्या हातानं, माय. आटे जातीन."

ओवीनं कान सोडले. मला पुढून, मागून नीट न्याहाळलं, मान हलवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "घट्ट हाय!"